वरच्या डेकची बाल्कनी
क्रूझचं बुकिंग करताना बजेट असेल तर डोळे झाकून सगळ्यात वरच्या डेकची (मजल्याची) बाल्कनीवाली केबिन घ्या, असं वर एका प्रतिक्रियेत कोणीतरी म्हटलंय. बाल्कनीचं पटलं, वरच्या डेकचं नाही. हेलकावे वर आणि दोन्ही टोकांना जास्त बसतात, खाली मध्यभागी कमी, आणि बोट लहान असेल तर फारच जाणवतं. मुंबई-गोवा करणारी एम्प्रेस ही क्रूझ बोट १९९० सालची, साधारण ४८ हजार ग्रॉस टनेजची (म्हणजे बोटीच्या आतल्या एकूण जागेचं माप), आयकॉन ऑफ द सीज ही महाकाय क्रूझ बोट तिच्या पाचपट, दोघींना एकच नियम कसा लावणार?

आणि डेक प्लॅन (बोटीच्या मजल्यांचा नकाशा) उघडून आपल्या डोक्यावर काय आहे ते नक्की बघा, आमच्या केबिनवर बुफे होता, पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याची करकर, आईला तिन्ही रात्री धड झोप नाही. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशीच घ्या.