लंडन–मेक्सिको १९७०: याला साहस म्हणायचं का?

सडाफटिंग
जुन्या मोटार रॅलींचा विषय निघाला की १९७० च्या लंडन–मेक्सिको वर्ल्ड कप रॅलीचं नाव येतंच, आणि मग सगळे हात जोडतात. मी जोडत नाही. आधी हकिगत सांगतो, मग शिव्या घाला.

१९६६ चा फुटबॉल वर्ल्ड कप इंग्लंडात झाला होता, १९७० चा मेक्सिकोत होता. तेवढं निमित्त धरून 'डेली मिरर' पेपराने पैसे घातले आणि १९ एप्रिलला वेम्बली स्टेडियमवरून ९६ गाड्या सुटल्या. युगोस्लाव्हिया, बल्गेरिया करून परत लिस्बन, तिथून गाड्या बोटीने रिओला. पुढे अर्जेंटिना, चिली, बोलिव्हिया, पेरू असं चढत २७ मेला मेक्सिको सिटी. साधारण २५ हजार किलोमीटर. पोचल्या फक्त २३. पहिले आले हानू मिकोला आणि गुन्नार पाम, फोर्ड एस्कॉर्टमध्ये. (आपल्याकडे ९६ साली आली ती एस्कॉर्ट नव्हे. ही तिची आजी, मागच्या चाकांवर चालणारी.)

माझं म्हणणं एवढंच की ही जाहिरात होती. फोर्डने आधी माणसं पाठवून दक्षिण अमेरिकेतला रस्ता बघून घेतला, वळणावळणाच्या नोंदी केल्या, वाटेत टायर आणि मेकॅनिक पेरून ठेवले. पहिल्या आठात पाच एस्कॉर्ट! आणि त्याच वर्षी 'एस्कॉर्ट मेक्सिको' नावाची गाडी शोरूममध्ये हजर. रोल्स-रॉइस आणि बीच बगी घेऊन आलेले हौशी लोक म्हणजे वरातीतले घोडे. फोटोपुरते.

घाटातला दुसरा गियर
साफ असहमत. अभ्यास करून पेपर दिला म्हणून नंबर काढून घ्यायचा का?

आणि पैसा काय एकट्या फोर्डकडे होता? ब्रिटिश लेलँड ही दुसरी गाड्यांची कंपनी पूर्ण फौज घेऊन उतरली होती. त्यांची ट्रायम्फ २.५ पीआय दुसरी आली, ब्रायन कल्चेथ आणि जॉनस्टन सायर. पैशाला पैसा भिडल्यावर शेवटी सीटवर बसलेला माणूसच उरतो.

मी पाच वर्षांपूर्वी खारदुंगला गाडी नेली होती. वर पोचेपर्यंत गाडीचा दम गेलेला, माझा त्याच्या आधी. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला दोनदा प्रयत्न करावा लागला. ही मंडळी अँडीज पर्वतात चार हजार मीटरच्या वर, घड्याळाशी भांडत गाडी पळवत होती. पेरूतला एकच टप्पा सुमारे ९०० किलोमीटरचा. म्हणजे मुंबई ते इंदूर आणि वर परतीची बरीचशी वाट, न झोपता, दगडमातीच्या रस्त्याने. जाहिरातवाल्याला बसवून बघा तिथे.

ग्रीसचे हात
सडाफटिंगराव, बॉनेट उघडायचं राहिलं तुमचं.

फोर्डकडे तेव्हा ट्विन कॅम इंजिन (झडपा उघडणारे दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, दोन, ते) तयार होतं आणि त्याच्यावर ते रॅली जिंकतही होते. मिरवायचंच असतं तर तेच लावलं असतं ना? त्यांनी लावलं साधं पुशरॉड इंजिन, थोडं मोठं करून, साधारण १८५० सीसीचं. ब्लॉकमध्ये एकच कॅमशाफ्ट, वर रॉकर. ताकद कमी, पण पेट्रोल कसंही मिळो, कुरकुर नाही. टॅपेट वाजायला लागले तर एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि फिलर गेज, रस्त्याच्या कडेला बसून अर्ध्या तासात काम. मागे स्प्रिंग म्हणून पाटे, अँबॅसडरसारखे.

मी तीस वर्षं गाड्या खोलतोय. भारी इंजिन हातात असताना हलकं निवडायला अक्कल लागते.

सडाफटिंग
अक्कल कोणाची पण? फोर्डच्या रॅली टीमचा मॅनेजर स्टुअर्ट टर्नर, त्याची आणि त्याच्या ऑफिसची. मी तेच म्हणतोय की निकाल टेबलावर लागला!

आणि लेलँडचं पुढे काय झालं तेही सांगा. दुसरा नंबर आला आणि त्याच वर्षी त्यांनी ॲबिंग्डन गावातलं, रॅलीच्या गाड्या तयार करणारं स्पर्धा खातं बंद केलं. मिनी गाडीने ज्या खात्याच्या जिवावर माँटे कार्लो रॅली मारली, तेच. मालकाच्या लेखी ही रॅली म्हणजे गाडी खपवायचा खर्च होता. खप दिसेना, खर्च बंद.

ठाणेकरीण
कंपन्यांचा हिशोब कबूल. पण म्हणून गाडीत बसलेल्यांचा पराक्रम वजा कसा होतो?

दहावा नंबर कोणाचा होता बघा जरा. रोझमेरी स्मिथ, ॲलिस वॉटसन, जिनेट डेरोलाँ. तिघी बायका, आणि गाडी ऑस्टिन मॅक्सी, म्हणजे भाजी आणायची फॅमिली गाडी. त्याच मॉडेलमध्ये लष्करी अधिकाऱ्यांबरोबर निघालेले प्रिन्स मायकल ऑफ केंट मेक्सिकोला पोचलेच नाहीत. गाडी कंपनीची असेल, रात्री तीनला स्टिअरिंग धरलेले हात कंपनीचे नव्हते.

सहाव्या नंबरावर जिमी ग्रीव्ह्ज आहे, इंग्लंडचा फुटबॉलपटू. हा मात्र शंभर टक्के जाहिरातीसाठी घेतलेला, तुमचा मुद्दा. शेजारी टोनी फॉलसारखा कसलेला ड्रायव्हर होता म्हणा. पण गडी शेवटपर्यंत टिकला, हा माझा मुद्दा.

जुना आग्रा रोड
विषय जरा मागे नेतो. हिच्या आधी १९६८ ची लंडन–सिडनी झाली, ती आपल्या दारातून गेली. दिल्लीहून इंदूरमार्गे मुंबई, आणि मुंबईहून ७२ गाड्या 'चुसान' बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला. आमचे दादा इगतपुरीला रस्त्यावर उभे होते. ते सांगायचे, गाडी कुठली ते चिखलामुळे कळेना, पुढे नुसते दिव्यांचे डोळे, आणि आतल्या गोऱ्याने काच खाली करून गर्दीकडे बघून हात जोडले. गाडी थांबवायला नव्हे, बाजूला व्हा म्हणून.

दादांनी जाहिरात कुठल्या कंपनीची होती ते कधी सांगितलं नाही. ते हात मात्र दर दिवाळीला सांगायचे.

अर्धवट नकाशा
दोन्ही बाजूंना एक विचारतो. गाडी, ड्रायव्हर, कंपनी सगळं झालं. ज्यांच्या रस्त्यावरून गेलात त्यांचं काय?

रॅली २७ मेला संपली. ३१ मेला ॲझ्टेका स्टेडियममध्ये वर्ल्ड कपचा पहिला सामना झाला. त्याच दुपारी पेरूत भूकंप झाला, वास्कारान शिखराचा कडा कोसळला आणि युंगाय गाव गाडलं गेलं. देशभरात सुमारे ७० हजार माणसं गेली. दोन दिवसांनी पेरूची टीम बल्गेरियाशी खेळायला उतरली आणि ३–२ ने जिंकली. थोड्याच दिवसांपूर्वी त्याच देशातल्या घाटांमध्ये आपण मिनिटं मोजत होतो.

घाटातला दुसरा गियर
भूकंपाचा दोष मिकोलाला देणार का आता?

अर्धवट नकाशा
दोष कोणालाच देत नाहीये. 'अँडीज जिंकला' असं लिहिणाऱ्यांना चिमटा काढतोय फक्त.

सडाफटिंग
ठाणेकरीणबाई, मॅक्सीवर मी हरलो. दहावा नंबर माहीत नव्हता, वरातीतल्या घोड्यांबद्दलचा शब्द परत घेतो. फोर्डबद्दलचा घेत नाही. मुळात गाडीत दोनच माणसं बसवायची हेही त्यांनी वजनाच्या हिशोबाने ठरवलं. माणसाची झोप गेली तरी चालेल, किलो वाचले पाहिजेत.

ग्रीसचे हात
दुसऱ्या आलेल्या ट्रायम्फमध्येही दोघेच होते हो. पॅडी हॉपकर्कच्या ट्रायम्फमध्ये तिघे, ती चौथी आली. एस्कॉर्टमध्ये तिसरा बसवला तर त्याचं वजन धरा सत्तर किलो, वर त्याची बॅग, आणि ते सगळं मागच्या पाट्यांवर. झोपेचं मी सांगू शकत नाही, पाट्यांचं विचारा.