चारपैकी एक इंजिन गेलं, तर सी-130 पडतं का?

धाग्याची सुरुवात
2 मे 2018 ला प्युएर्तो रिको एअर नॅशनल गार्डचं डब्ल्यूसी-130एच (सी-130 या चार इंजिनांच्या लष्करी मालवाहू विमानाचाच एक प्रकार) अमेरिकेतल्या सव्हानाहून उडालं आणि दोनेक मिनिटांत हमरस्त्यावर कोसळलं. आतले 9 जण गेले. चौकशीत एक नंबरच्या, म्हणजे डावीकडच्या टोकाच्या इंजिनाचा बिघाड आणि चालकदलाच्या चुका, दोन्ही नोंदवलं आहे. या कामातल्या माणसांनी लिहा. हळहळ नको, तपशील हवा.

इंजिन फिटर
या विमानाचं टी56 हे स्थिर फेऱ्यांचं इंजिन. थ्रॉटल पुढेमागे केला तरी हवेत फेरे 98 ते 102 टक्क्यांतच राहायला हवेत. बदलतो तो पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांचा कोन आणि टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. 100 टक्के म्हणजे मिनिटाला 13,820 फेरे. त्यामुळे 96-97 दिसलं तर ते 'जरा कमी' नसतं, बिघाड असतो. कॉकपिटातल्या काट्यावर एक टक्का धड वाचता येत नाही. ग्राउंड रनला, म्हणजे जमिनीवर इंजिन चालवून तपासताना, अचूक टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) लावायलाच हवा. सव्हानात तो न लावताच इंजिन ठीक ठरवलं गेलं.

फ्लाइट इंजिनिअर
नाक उचलायच्या आठेक सेकंद आधीच फेरे आणि टॉर्क हलायला लागले होते, विमान डावीकडे ओढत होतं. उड्डाण तिथेच सोडून द्यायचं. कोण काय पाहून 'रिजेक्ट' म्हणणार, हे धावपट्टीवर येण्याआधीच ठरलेलं हवं. इथे ती तयारीच अपुरी होती.

पायलट
डावं इंजिन गेलं की उजवा पाय दाबायचा, म्हणजे रडर (शेपटीवरचं सुकाणू) उजवीकडे. आणि कल चालू इंजिनांकडे, साधारण 5 अंश. बंद बाजूला वळलात तर ताबा टिकवायला लागणारा किमान वेग वाढतो. इथे डावीकडेच वळण घेतलं, वर रडरही डावीकडे नऊ अंशांपर्यंत. विमान आडवं घसरलं, डावा पंख स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचल गेली. तेव्हा उंची जेमतेम 900 फूट. एवढ्यात सावरणं जवळपास अशक्य.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात राहत नाही: फ्लॅप (पंखांमागच्या, कमी वेगात उचल वाढवणाऱ्या झडपा) 15 टक्क्यांच्या आत घेतले की रडरचा हायड्रॉलिक दाब सुमारे 3,000 वरून 1,300 पीएसआयवर येतो. वेग नसताना फ्लॅप उचलायची घाई नको.

सिम्युलेटर प्रशिक्षक
इंजिन बंद करताना एकाने नंबर मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने लिव्हर बघून दुजोरा द्यायचा, मगच ओढायचा. मग पाती फेदर झाली का, म्हणजे वाऱ्याला कडेने वळली का, ते डोळ्यांनी बघायचं, नाहीतर बंद इंजिनाचा प्रोपेलरच ब्रेकसारखा ओढतो. उरलेली चेकलिस्ट वाचून पुरी करायची. सव्हानात ती नीट पार पडली नाही.