कुत्र्याच्या फुफ्फुसातले जंत: मानेवरचे थेंब, पावडर की गोळी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. कुत्री पाळणारे आणि कुणी पशुवैद्य असतील तर त्यांनी कृपया लवकर उत्तर द्यावं, कारण एक-दोन दिवसांत निर्णय घ्यायचा आहे.

आमचा मोती पाच वर्षांचा, कॉलीच्या वळणाचा मिश्र जातीचा. बरेच दिवस खोकत होता. पुढे थोडं धावला तरी धापा टाकायला लागला आणि मग एका डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळलं. डॉक्टरांनी सलग तीन दिवसांची शी मागवून बेअरमन चाचणी केली. तीत अळ्या सापडल्या. निदान अँजिओस्ट्राँगायलस व्हॅसोरम. हे जंत फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला राहतात. कुत्र्याला ते गोगलगायीतून होतात, शंखाची असो वा बिनशंखाची, आणि कधी बेडूक खाल्ल्यानेही. मोती बागेत सगळ्याला तोंड लावतो, त्यामुळे कुठून आले ते कळलं.

डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले:
- मॉक्सिडेक्टिन आणि इमिडाक्लोप्रिडचे मानेवर सोडायचे थेंब, गरज पडल्यास महिन्याने पुन्हा
- फेनबेंडाझोलची पावडर, रोज, जवळपास तीन आठवडे
- मिल्बेमायसिनची गोळी, आठवड्यातून एकदा, चार आठवडे

"तिन्ही चालतात, तुम्हाला जमेल ते घ्या," म्हणाले. पण मला जमण्यापेक्षा मोतीला सोसणं महत्त्वाचं वाटतं. शोधाशोध करताना डेन्मार्कमधली 2007 ची एक तुलना सापडली. थेंब दिलेल्या 27 कुत्र्यांपैकी 23 जंतमुक्त झाली, तर किलोमागे 25 मिलिग्रॅम फेनबेंडाझोल 20 दिवस दिलेल्या 23 पैकी 21. म्हणजे 85 आणि 91 टक्के. एवढ्या थोड्या कुत्र्यांत हा फरक खरा मानायचा का?

दुसरं, कॉली जातीत एमडीआर-१ जनुकाचा दोष असतो आणि काही जंतनाशकं त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतात, असं वाचल्यापासून झोप उडाली आहे. मोतीची ती तपासणी झालेली नाही. तिसरं, जंत एकदम मेले तर फुफ्फुसात त्रास होतो म्हणतात. मग पावडर हळू काम करते म्हणून जास्त सुरक्षित का?

घरात दुसरी कुत्री आहे, दिवसभर मोतीला चाटत असते. तिलाही लागण होईल का?

प्रतिसाद (पशुवैद्य):

ताई, डोळ्यात रक्त साकळलंय हे वाचून आधी तेच सांगतो. या जंतांमुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. औषध कुठलंही ठरो, रक्त गोठण्याची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झाला नसेल तर उद्याच करून घ्या. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, चाल बिघडली, झटका आला, तर वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. हृदयातल्या जंतांची, म्हणजे हार्टवर्मची, चाचणीही आधी हवी. त्याच्या अळ्या रक्तात भरपूर असताना मॉक्सिडेक्टिन किंवा मिल्बेमायसिन दिलं तर अंगावर येऊ शकतं.

आता आकडे. 23 आणि 27 कुत्र्यांच्या गटांत दोन-चार कुत्र्यांनी टक्केवारी इकडची तिकडे होते. तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेला नाही, म्हणून त्यावरून औषध निवडू नका. फेनबेंडाझोलची खरी अडचण वेगळी आहे: रोज न चुकता पोटात जायला हवं. डोस आणि दिवस याबाबत सगळे एकमत नाहीत, कुणी 25 मिलिग्रॅम देतं, कुणी 50. क्वचित कुत्र्यांत अस्थिमज्जा दबल्याचं नोंदलं गेलंय, म्हणून लांब उपचारात एकदा रक्ताची मोजणी करावी.

हळू मरतात म्हणून सुरक्षित, हे ऐकायला पटतं, पण त्याला भक्कम तुलनेचा आधार नाही. जंत मरताना दम वाढणं तिन्ही औषधांत होऊ शकतं. आधीच दम लागणाऱ्या कुत्र्याला म्हणूनच पूर्ण विश्रांती, आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रेडनिसोलोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड). पूर्वी लिव्हॅमिसोल वापरत. ते जंत झपाट्याने मारतं आणि तीव्र ॲलर्जीसारखे प्रकार व्हायचे. कुणी सुचवलं तर नको म्हणा.

कॉलीबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. थेंब कातडीवर, वजनाप्रमाणे नेमके पडले तर अशा कुत्र्यांनाही चालतात. धोका चाटून पोटात जाण्याचा आहे. दुसरी कुत्री मोतीला चाटते हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण त्यात तिलाही धोका. मिल्बेमायसिनचा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस दोष असलेल्या कुत्र्यांना सहसा सोसतो, त्रास त्याच्या कैक पट डोसला दिसतो. एमडीआर-१ ची तपासणी गालातल्या नमुन्यावरही होते. पुढे भूल देताना आणि इतर औषधांच्या वेळीही तिचा उपयोग होईल.

लागण कुत्र्याकडून कुत्र्याला थेट होत नाही, मध्ये गोगलगाय लागते. पण दोघं एकाच बागेत फिरतात, तेव्हा दुसरीचीही शी तपासा.

प्रतिसाद:

आमच्या कुत्रीला याच जंतांवर पावडर दिली होती. खोकला लवकर कमी झाला आणि ती पळायला आतुर झाली. डॉक्टरांनी पट्ट्याशिवाय बाहेर न्यायचं नाही असं बजावलं होतं, ते पाळलं याचं फार समाधान आहे. ताई, बरा दिसला तरी पळू देऊ नका.

धागाकर्ती:

डॉक्टर, मनापासून आभार. उद्या रक्ताच्या तपासण्या आणि हार्टवर्म चाचणी करतो. दोघांना वेगळं ठेवणं आमच्याकडे अवघड आहे, त्यामुळे थेंबांऐवजी फेनबेंडाझोलकडे कल आहे. मोती औषध बिनतक्रार घेतो. एकच शेवटचं: जंत गेले हे कसं ओळखायचं? आणि पुन्हा होऊ शकतात का?

पशुवैद्य:

खोकला थांबला म्हणजे जंत गेले असं नाही. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तीन दिवसांची शी, बेअरमन चाचणीसाठी. रक्तातली अँटिजेन चाचणी (जंतांचे अंश शोधणारी) जंत मेल्यावरही काही काळ पॉझिटिव्ह राहू शकते, ती लगेच करून घाबरू नका. अळ्या सापडल्या तर औषध बदलून पुन्हा.

आणि हो, एकदा होऊन गेले म्हणून संरक्षण मिळत नाही. पाण्याचं भांडं आणि खेळणी रात्री आत घ्या, शी रोज उचला. बरा झाल्यावर दरमहा प्रतिबंधक औषध सुरू करायचं असेल तर एमडीआर-१ चा निकाल तोवर हातात असू द्या. रक्ताचे रिपोर्ट आले की इथेच टाका.