मदत हवी आहे: लाइव्ह पोकरमध्ये सलग हार, पत्त्यांचा दोष की खेळाचा?

नमस्कार मंडळी. मी पुण्याहून पणजीला जाऊन लाइव्ह, म्हणजे टेबलवर समोरासमोर, पोकर खेळतो. 2025च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून तेवढंच उरलंय. पण गेले काही महिने टूर्नामेंट असो वा कॅश गेम (थेट पैशांवरचा खेळ), रिकाम्या हातानेच परततोय.

परवाचाच हात, म्हणजे डाव, घ्या. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी लावायची सक्तीची रक्कम) 100/200, माझ्यापुढे 40 हजार. माझ्याकडे दोन एक्के, समोर राजांची जोडी, फ्लॉपआधीच (मधले पहिले तीन पत्ते उघडण्याआधीच) दोघांचे सगळे पैसे मध्ये. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, राजा पडला आणि मी हरलो. असा हात शंभरात ऐंशीएक वेळा माझाच, त्यामुळे त्याची खंत नाही. घोर आहे तो मधल्या हातांचा: माझी टॉप पेअर (मधल्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जुळलेली जोडी), रिव्हरवर (शेवटच्या, पाचव्या पत्त्यावर) समोरच्याची पॉटएवढी (मध्ये जमलेल्या पैशांएवढी) बेट, आणि तो दगडासारखा बसलेला. कॉल (तेवढेच पैसे लावणं) की फोल्ड (पत्ते टाकणं), हेच हल्ली सुटत नाही.

लाइव्ह टेबलवर तासाला जेमतेम 25-30 हात मिळतात. रात्रभर बसलं तरी तीनशेच्या आसपास. एवढ्यावरून खेळ बिघडलाय हे ओळखायचं कसं? टूर्नामेंटचं तर बोलायलाच नको, तिथे बहुतेक जण बक्षिसाविनाच उठतात.

घरखर्चाचे पैसे वेगळे आहेत, त्यांना हात लावत नाही. तरी जाणकारांनी सांगावं: अशा काळात कमी ब्लाइंडच्या टेबलवर उतरावं, की काही दिवस थांबावं? टेबलवर बसून हातांची नोंद कशी ठेवता? आणि मुंबई-पुण्यात कोणी हात तपासायला सोबत बसेल का? मनापासून शिकायचंय.