मदत हवी आहे: सिकलसेलच्या बहुकेंद्री चाचणीसाठी सरकारी निधी

नमस्कार मंडळी, मी नाशिकला बालरोगतज्ज्ञ आहे. सुरगाणा-पेठकडची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं हातपाय धरून कण्हत येतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा कमी डोस त्यांना कितपत लागू पडतो, हे नाशिक, नंदुरबार आणि गडचिरोलीत एकाच वेळी तपासायचंय. आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अर्ज करतोय. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंदणी लागते, ते ठीक. अडलंय बजेटवर. प्रत्येक केंद्राचा खर्च वेगळा दाखवायचा की सगळा मुख्य केंद्राखाली? चाचणीत इजा झाल्यास भरपाई द्यावी लागते, मग विम्याचा हप्ता कुठे धरायचा? पालकांचं एसटीभाडं आणि बुडालेली मजुरी मला त्यात हवीच. नाहीतर पेठहून दर महिन्याला सीबीसी या रक्ततपासणीसाठी कोण येणार? तिन्ही एथिक्स कमिट्यांची मंजुरी अर्जासोबतच जोडायची का? कुणी असा प्रस्ताव मंजूर करून घेतला असेल तर प्लीज सांगा.