पेनिसिलिन महायुद्धाशिवाय आलंच नसतं का?

वाटसरू: "युद्धं झाली नसती तर विज्ञान पन्नास वर्षं मागे असतं" हे दर दोन चर्चांआड ऐकू येतं, आणि पुरावा ठरलेला: पेनिसिलिन. १९२८ ला सापडलं, बारा वर्षं धूळ खात पडलं, युद्ध पेटलं आणि १९४४ ला टाक्या भरभरून तयार. घटनांचा क्रम तर खरा आहे. मग चूक नेमकी कुठे?

आंबवण: बारा वर्षं पडून राहिलं ते शांतता होती म्हणून नाही, ते बनवणारी बुरशी ज्या पाण्यात वाढते त्यातून ते शाबूत बाहेर काढता येत नव्हतं म्हणून. ऑक्सफर्डला अर्न्स्ट चेन या जीवरसायनशास्त्रज्ञानं या विषयात डोकं घातलं १९३८ मध्ये, युद्धाच्या आधी. कोडं सोडवलं त्याचा सहकारी नॉर्मन हीटली यानं. पाणी थंड करायचं, आम्लधर्मी करायचं, पेनिसिलिन द्रावकात उतरवायचं आणि लगेच आम्ल नसलेल्या पाण्यात परत ओढून घ्यायचं. आम्लात जरा रेंगाळलं की ते मोडतं, सगळी घाई त्यासाठी. २५ मे १९४० ला ८ उंदरांना जंतू टोचले, ४ जणांना औषध दिलं. तेवढे ४ जगले. यातली कुठली पायरी तोफेमुळे सुचली?

जुना_बॉयलर: उंदरांपर्यंत मान्य. पण कारखान्याचं काय? या बुरशीला हवा लागते, म्हणून ती पसरट भांड्यात, वरच्या थरावर वाढवत. ऑक्सफर्डनं त्यासाठी दवाखान्यातली बेडपॅनसुद्धा वापरली. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला औषध दिलं, तो सुधारू लागला आणि साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध गाळून पुन्हा टोचलं, तरी मार्चमध्ये तो गेला. मग अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत मका भिजवलेलं पाणी खाद्य म्हणून घातल्यावर उत्पादन कितीतरी वाढलं. पुढची उडी खोल टाकीची: खालून निर्जंतुक हवा, मधे फिरतं पातं, वर फेस मारायची सोय. यात एक चुकार जीवाणू शिरला तरी तो पेनिसिलिन तोडणारं विकर (एन्झाइम) सोडतो आणि अख्खी टाकी गटारात. मार्च १९४४ मध्ये फायझरनं ब्रुकलिनला अशा १४ टाक्या चालू केल्या, प्रत्येकी ७,५०० गॅलनच्या. शांततेच्या काळात इतका पैसा बुरशीवर कोणी लावला असता?

आंबवण: टाकीची विद्याही युद्धाची नाही. ग्लुकॉनिक आम्लासाठी बुरशी टाकीत बुडवून वाढवणं १९३० च्या दशकातलं. युद्धानं दिलं ते हमखास गिऱ्हाईक, सरकारी पैसा आणि स्पर्धक कंपन्यांना आपसात माहिती वाटायची मुभा. हे मोठं आहे, नाकारत नाही. पण ते माणसं न मारताही देता येतं. आपलं पिंपरीचं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बघा: १९५४ ला स्थापना, यंत्रं युनिसेफची, तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेची, १९५५ पासून उत्पादन. इन्सुलिन तर जानेवारी १९२२ ला पहिल्यांदा टोचलं आणि १९२३ मध्ये बाजारात होतं. तेव्हा कुठलं महायुद्ध चालू होतं?

खर्चवही: दोघंही जमेचं पान वाचताय. नावेचं, म्हणजे खर्चाचं, पान असं: हेन्री मोसली, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ. क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांना अणुक्रमांक लावणारा, ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत हे दाखवणारा. पहिल्या महायुद्धात, १० ऑगस्ट १९१५ ला, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत गोळी लागून गेला, वय २७. ४३ वं मूलद्रव्य हाती आलं १९३७ ला, ६१ वं १९४५ ला. बीबीसीनं युद्धामुळे १ सप्टेंबर १९३९ ला दूरचित्रवाणी बंद केली ती ७ जून १९४६ पर्यंत. (आता रडारमुळे टीव्ही सुधारला असं कोणीतरी म्हणणारच.)

जुना_बॉयलर: म्हणणार होतोच! मोसलीचं मात्र उत्तर नाही माझ्याकडे.