रोजची भाजी वाफवूनच करावी का?

तिरफळ
वाद ओढवून घ्यायचाच आहे, तर आडपडदा न ठेवता लिहिते. भाजी चिरायची, चिरल्यावर धुवायची, पळीभर तेलात टाकायची आणि पार गाळ होईपर्यंत शिजवायची, ही आपली रोजची पद्धत आता सोडावी. फरसबी, फ्लॉवर, गाजर, कोबी, ब्रोकोली आमच्याकडे मोदकपात्रातच होतात.

कारण साधं आहे. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळतात. भाजी पाण्यात उकळली की त्यातला बराच भाग पाण्यात उतरतो आणि ते पाणी अनेक घरांत मोरीत जातं. कोबी-ब्रोकोलीतली गंधकयुक्त द्रव्यंही त्याच वाटेनं जातात. वाफवताना भाजी पाण्याला टेकतच नाही. ब्रोकोलीला ४-५ मिनिटं पुरतात, फरसबीला ६-७, गाजराच्या चकत्यांना ७-८. वरून मीठ, मिरपूड, लिंबू.

तेलाचं तर बोलायलाच नको. एक टेबलस्पून, म्हणजे १५ मिली तेलात साधारण १२० कॅलरी असतात. फोडणी सणासुदीला ठेवा, रोजची भाजी वाफेवर करा. विरोधी मतं येऊ द्यात.

कोरडी भेळ
घरात कोण आजारी आहे?

पाटावरवंटा
तिरफळताई, तुम्ही ज्या पद्धतीवर तुटून पडला आहात, ती मराठी घरातली नाहीच. आपल्याकडे भाजी पाण्यात उकळून पाणी फेकतात कधी? अंबाडीचं फेकतात, ती फार आंबट असते म्हणून. भारंगीचं फेकतात, ती कडू असते म्हणून. एरवी कढईत फोडणी, त्यात भाजी, वर खोलगट झाकण आणि झाकणात पाणी. आतली वाफ गार झाकणाला लागून पुन्हा भाजीवर ठिबकते आणि भाजी अंगच्या पाण्यात शिजते. तळाला लागतेय असं वाटलं तर झाकणातलंच गरम पाणी आत ओतायचं. मोदकपात्र न काढता वाफच वापरली की! आणि रस्साभाजी असेल तर जे पाण्यात उतरलं ते रश्श्यात राहतं, भाकरी चुरली की पोटात जातं.

दुसरं तेलाचं. गाजर, लाल भोपळा, लाल माठ, पालक यांतलं बीटा कॅरोटिन पाण्यात नव्हे, स्निग्धात विरघळतं. सोबत तेल-तूप नसेल तर ते शरीराला नीट मिळत नाही. टोमॅटोतल्या लायकोपीनचंही तेच, शिवाय ते शिजवल्यावर जास्त मिळतं. तेव्हा लिंबू पिळलेलं कोरडं गाजर खाऊन फार काही साधत नाही.

आणि चव? उघड्या भांड्यावरची वाफ १०० अंशांच्या वर जात नाही. खरपूसपणा यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. बटाट्याच्या काचऱ्यांच्या कडा वाफेवर लाल होतील का? भरताचं वांगं वाफवणार का? आणि भेंडी वाफवून दाखवाच. भेंडीला पाण्याचा थेंब लागला की तार सुटते, म्हणून तर ती झाकण न ठेवता परततात आणि वर आमसूल नाहीतर ताक घालतात.

तिरफळ
भेंडी, वांगं, काचऱ्या सोडल्या, घ्या. बाकी मुद्दे सोडत नाही.

झाकणात पाणी ठेवायची रीत चांगलीच आहे, पण आज ती पाळतं कोण? मी पाहते त्या घरांत फ्लॉवरला कुकरच्या तीन शिट्ट्या देतात, नाहीतर कढईत पेलाभर पाणी ओतून, "शिजू दे निवांत" म्हणत वीस-पंचवीस मिनिटं गॅस चालू ठेवतात. क जीवनसत्त्व नुसतं पाण्यात जात नाही, जास्त वेळ तापलं की नष्टही होतं.

स्निग्धाचं म्हणाल, तर ते कढईतच असलं पाहिजे असं कुठे आहे? वाफवलेल्या गाजरावर चमचाभर तूप सोडा, ओलं खोबरं किंवा दाण्याचं कूट घाला. कॅरोटिन मिळण्यासाठी जेवणात स्निग्ध हवं, फोडणीच हवी असं नाही.

हिशेबनीस
१२० कॅलरींचा हिशेब अर्धाच मांडलाय. टेबलस्पूनभर तेलात चौघांची भाजी झाली तर माणशी ३० कॅलरी पडल्या. एक मारी बिस्किटसुद्धा जवळपास तेवढं असतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार-मार्गदर्शिका पाहा. २००० कॅलरींच्या आदर्श थाळीत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत आणि तेल-तूपही आहे, सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे चौघांच्या घरात रोज दीड किलोच्या वर भाजी खपली पाहिजे. आपल्यापैकी किती घरांत खपते? खरी अडचण ही आहे. मिरपूड-लिंबाच्या फरसबीची अर्धी वाटी खाऊन मुलं उठतात, तीच फरसबी खोबरं-कोथिंबीर घालून परतली तर दुसऱ्यांदा वाढून घेतात. पानात उरलेल्या भाजीतलं क जीवनसत्त्व कोणाच्या कामाचं?

तिरफळ
टेबलस्पूनभर तेलात चौघांची भाजी करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण मसाल्याला "तेल सुटेपर्यंत" परता आणि वर तवंग दिसला पाहिजे, असं शिकलेले लोक टेबलस्पून मोजतात का?

रानभाजी
इथे एक गोष्ट राहून जातेय. भाजीतलं सगळंच वाचवायच्या लायकीचं नसतं. पालक, चुका, अळू यांत ऑक्झलेट भरपूर असतं. त्यातला विरघळणारा भाग भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं तर बऱ्यापैकी कमी होतो, वाफवून त्यामानाने कमी जातो. मुतखड्याचा त्रास असून डॉक्टरांनी ऑक्झलेट कमी करायला सांगितलं असेल, तर पालक वाफवण्यापेक्षा उकळून पिळलेला बरा.

अळू, सुरण, शेवळं घशाला खाजतात त्यामागे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. या भाज्यांना पाच मिनिटांची वाफ देऊन भागत नाही. त्या नीट शिजवाव्याच लागतात आणि सोबत चिंच, आमसूल, शेवळांना काकडं (ही रानफळं) घालायची रीत आहे. अळूवडी वाफवतोच आपण, पण चिंच-गूळ-बेसन फासून, दणदणून वाफ देऊन. आणि नंतर तळतो. ताई, अळूवडीचं तळण बंद करायला सांगू नका म्हणजे झालं.

तिरफळ
पालेभाज्यांचं मान्य, त्या मी वाफवत नाहीच. यादी वर दिलीच आहे. अळूवडीला अभय.

लोकलवाला
सगळे घरात गरम-गरम ताट वाढून बसल्यासारखे बोलताय. सकाळी साडेपाचला भाजी करून डब्यात भरायची आणि दुपारी एकला उघडायची, असा माझा मामला आहे. वाफवलेल्या फ्लॉवरला डब्यात पाणी सुटतं, आणि झाकण उघडलं की शेजारचा खिडकी शोधतो. परतलेली फ्लॉवर-बटाटा, पीठ पेरलेली कांद्याची पात, दाण्याचं कूट घातलेली गवार दुपारपर्यंत तशीच्या तशी असतात. वाफवलेली भाजी हे घरी बसणाऱ्यांचं जेवण आहे.

सोलकढी
@लोकलवाला, घरी बसणाऱ्यांना इतका निवांतपणा असतो हा गैरसमज कुठून आला? मला वाफवणं आवडतं ते वेळ वाचतो म्हणून. वरणाच्या पातेल्यावर चाळण ठेवायची, तिच्यात गाजर-फरसबी, वर झाकण. एकाच आचेवर दोन कामं होतात. इडलीचा स्टँडही चालतो, आणि भाजीजवळ उभं राहून ढवळावं लागत नाही.

रसायनकट्टा
शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं त्या बाजूनं.

हिरवी भाजी झाकणाखाली जास्त वेळ राहिली की शेवाळी रंगाची होते. भाजीतून बाष्पाबरोबर निघणारी आम्लं आतच अडकतात आणि हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून त्या जागी हायड्रोजन बसतो. म्हणून पहिली एक-दोन मिनिटं झाकण किलकिलं ठेवा आणि सात-आठ मिनिटांच्या आत उतरवा. रंग टिकवायला खायचा सोडा घालू नका. रंग राहतो, पण भाजीचा लगदा होतो आणि ब१ जीवनसत्त्व मारलं जातं.

कुकरला उगाच बदनाम करताय. शिट्टीपर्यंत दाब चढला की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, पण वेळ फार थोडा लागतो आणि पाणीही थोडंच. कडधान्यं, बीट, बटाटा यांना त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. फरसबीला तीन शिट्ट्या देणं हा कुकरचा दोष नाही, देणाऱ्याचा आहे.

आणि मोदकपात्राचं झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, झाकण पलीकडच्या बाजूनं उचला. १०० अंशांची वाफ कातडीवर पाणी होताना दर ग्रॅमला ५४० कॅलरी उष्णता सोडते. (हिशेबनीस, या उष्णतेच्या कॅलरी, बिस्किटाच्या नव्हेत. तुमच्या एका कॅलरीत या हजार मावतात.) उकळत्या पाण्यापेक्षा वाफेनं वाईट भाजतं ते यामुळे.

परसातली मेथी
आम्ही न्यू जर्सीत. इथे गोठवलेली फरसबी-मटार आणतो. तिला गोठवण्याआधीच उकळत्या पाण्याचा किंवा वाफेचा चटका दिलेला असतो, त्यामुळे पुन्हा सात मिनिटं वाफवली तर चोथा होतो. मायक्रोवेव्हमध्ये दोन चमचे पाणी घालून झाकून तीनेक मिनिटं पुरतात, किंवा गोठलेलीच थेट फोडणीत टाकायची.

कोरडी भेळ
आमच्या सासऱ्यांना वाढून पाहिली एकदा. "ही शिजायची राहिली आहे" म्हणून वाटी परत आली. दात नसलेल्या माणसाला करकरीत गाजर वाढणं हा काय आरोग्याचा प्रयोग आहे?

सोलकढी
मग त्यांचं गाजर बारा मिनिटं वाफवा ना. करकरीत ठेवायचा नियम कोणी घातलाय?

पाटावरवंटा
सोलकढीताई, तुमचं चाळणीतलं गाजर-फरसबी पुढे कसं वाढता? सांगाच.

सोलकढी
चमचाभर तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, एक हिरवी मिरची. वाफवलेली भाजी त्यात मिनिटभर फिरवायची, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर.

पाटावरवंटा
ही फोडणीची भाजी झाली! तिरफळताई, तुमच्याच बाजूची माणसं आमच्या पंगतीत येऊन बसली.

तिरफळ
मुळीच नाही. फोडणी शेवटी आली, एक चमचा तेलात आली आणि मिनिटभरात आटोपली. तुमच्या कढईत फरसबी पहिल्यापासून तेलात असते, तेल कमी पडलं की लागते, लागली की तुम्ही वरून आणखी ओतता. हाच तर सगळा फरक आहे.

पाटावरवंटा
लागते कारण झाकणात पाणी ठेवत नाही लोक. तिसऱ्यांदा लिहायला लावू नका.

हिशेबनीस
कोणी गवार वाफवली आहे का? आमच्याकडे ती कशीही केली तरी उरते.